दोन टाळ्या

लमेक उठून उभा राहिला, टोपी काढून बाकावर ठेवली, आणि मी हातातली वही खाली ठेवून दिली. टाळी वाजवायची तर दोन्ही हात मोकळे हवेत.

"सांगा," मी म्हणाले.

"एक राजा होता," लमेकनं सुरुवात केली. "त्याच्या वाड्याला लागून एका माणसाचा द्राक्षमळा होता."

शाळेच्या त्या वर्गाला भिंती कमरेपर्यंतच होत्या, वर नुसते खांब आणि छप्पर. गोल करून बाराजण बसले होते. मलावीच्या उत्तर भागात, तंबाखूच्या शेतांमधल्या त्या गावात ते माझं तिसरं वर्ष. घरमंडळांसाठी पुढारी तयार करणं हे माझं काम होतं. घरमंडळ म्हणजे आठ-दहा कुटुंबं. त्यांनी आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, एक गोष्ट ऐकायची, तिच्यावर बोलायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, महिन्यातून एकदा मोटारसायकलवरून येई. बाकीचे दिवस मंडळी या पुढाऱ्यांच्या भरवशावर.

निम्म्याजणांना वाचता येत नव्हतं, म्हणून सगळं शिक्षण तोंडी चालायचं. मी गोष्ट सांगायची, त्यांनी ती घोकायची, आणि तीन आठवड्यांनी एकेकानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगायची. जशी मिळाली तशीच द्यायची. पदरचं काही घातलं तर ऐकणारे एक टाळी वाजवणार. काही गाळलं तर दोन टाळ्या. तीन चुका चालत. पण देवाच्या तोंडी नसलेले शब्द घातले, तर एकाच चुकीत नापास, आणि मग थेट पुढच्या वर्षी. हा शेवटचा नियम मी स्वतः घातला होता. कडक शिक्षिका म्हणून माझं नाव होतं आणि मला ते आवडत असे.

त्या दिवशी मला लमेकला नापास करायचं होतं. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. तीन आठवडे मी त्याच दिवसाची वाट पाहत होते.

लमेक गावातला वजनदार माणूस. पन्नाशीचा, तंबाखूच्या दोन मोठ्या कोठ्यांचा मालक, मंडळीतला वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक. त्याचा धाकटा भाऊ आदल्या वर्षी वारला. भावाच्या कबरीवरची माती बसली नव्हती, तोच लमेक चार माणसं घेऊन आला आणि त्यानं भावाच्या घरावरचे पत्रे उतरवले. भावाच्या मागे घर भावांचं, असा तिकडे जुना रिवाज आहे. पत्रे नेले, सायकल नेली, भावाची बायको एनेलेस जिच्यावर गावातल्या पोरींचे झगे शिवायची ती शिलाई मशीन नेली. एनेलेस दोन मुलींना घेऊन अंगणातल्या गवती स्वयंपाकघरात राहायला गेली. समोर तिचं घर नुसत्या भिंतींचं उभं. लमेकनं एक शास्त्राचं पुस्तक तेवढं मागे ठेवलं, कारण त्याला वाचता येत नव्हतं.

आणि हा माणूस घरमंडळाचा पुढारी व्हायला माझ्या वर्गात येऊन बसला होता. त्याच्यापासून चार माणसं सोडून एनेलेस बसायची, कारण तीही शिकत होती. माझ्या बारांमध्ये तिच्याइतकं हुशार कुणी नव्हतं. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात ते पक्कं बसे.

मला याचा इतका राग का, ते तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. माझी साक्ष, म्हणजे देवानं मला कसं सावरलं ती हकिगत, गावानं ऐकलेली होती. मी राहुरीची. माझे यजमान शांतवन उजागरे मूत्रपिंडाच्या आजारानं गेले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. मातीला पंधरा दिवस झाले नव्हते, तेव्हा माझ्या दिरानं, शमुवेलनं, आमच्या दोन खोल्यांना कुलूप घातलं. माझी शिलाई मशीन उचलून त्याच्या ओसरीवर नेली. माझी ट्रंक अंगणात ठेवली, आणि म्हणाला, "वैनी, आता माहेरी जा. हितं तुमचं कोन हाय?" मी श्रीरामपूरला मुलींच्या वसतिगृहात राहिले, तिथं नोकरी केली, तिथून पुढे देवानं मला कुठल्या कुठे नेलं. ही साक्ष मी नगरपासून मलावीपर्यंत चाळीसएक मंडळ्यांत दिली असेन. अंगणातल्या ट्रंकेपर्यंत आले की बायका पदर डोळ्यांना लावत. तिकडच्या बायका अंगावरच्या रंगीत कापडाचं टोक लावत, एवढाच फरक.

तेव्हा गोष्टी वाटायची वेळ आली तशी मी कुणाला वादळाची दिली, कुणाला हरवलेल्या मेंढराची दिली, आणि लमेकला राजाची दिली. राजाला शेजाऱ्याचा मळा हवा असतो. शेजारी म्हणतो, हा माझ्या वाडवडलांचा. मग राजाच्या घरचे खोटे साक्षीदार उभे करतात, शेजाऱ्याला दगडांनी मारवतात, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला जातो. तिथं देवाचा माणूस त्याला गाठतो आणि म्हणतो, खून करून वर वतनही घेतलंस का? जिथं कुत्र्यांनी त्याचं रक्त चाटलं तिथंच ती तुझंही चाटतील. मी हे सगळं वर्गाला सावकाश, चवीनं सांगितलं. कुत्र्यांपाशी आले आणि पुस्तक मिटलं.

वर्ग सुटल्यावर लमेक थांबला होता.

"मामा," तो म्हणाला. तिकडे बाईमाणसाला आदरानं मामा म्हणतात. माझ्या भाच्यांनी ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते. "मामा, मला दुसरी गोष्ट द्या. वादळाची द्या."

"का हो?"

"ही लांब आहे."

"तुमची आठवण चांगली आहे. मागच्या वेळी एकही टाळी पडली नाही."

तो टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला. "या राजाचं पुढं काय झालं?"

"जेवढी दिली तेवढी पाठ करा," मी म्हणाले. "पुढचं कशाला हवंय?"

तो खाली मान घालून गेला. त्याची पाठ बघून मला जे बरं वाटलं ते अजून आठवतं. मोठा माणूस, पण या गोष्टीसाठी त्याला माझ्याच तोंडाकडे बघायला लागत होतं.

माझा बेत साधा होता. एनेलेससमोर उभं राहून त्याला ही गोष्ट सांगता येणार नाही. मळ्यापाशी अडखळेल, खोट्या साक्षीदारांपाशी अडखळेल, कुत्री तर तोंडातून निघायची नाहीतच. दोन टाळ्या, पुन्हा दोन टाळ्या, पुन्हा दोन. सगळं गाव अर्ध्या भिंतीवरून ऐकणार. मग मी उठून म्हणणार की या वर्षी नाही.

तर तो सांगायला लागला. आणि अडखळेना.

मळा सांगितला. वाडवडलांचं वतन सांगितलं. खोट्या साक्षीदारांपाशी आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, पण शब्द जिथल्या तिथं. भिंतीबाहेर शेंगा विकणाऱ्या बाया थांबल्या होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं कुणाचा मळा आणि कोण राजा. लमेक माझ्याकडे बघत नव्हता, वर्गाकडेही नाही. तो एनेलेसकडे बघून सांगत होता. रक्त सांगितलं. कुत्री सांगितली. एकही टाळी पडली नव्हती.

संपलं, असं वाटून बाकीचे हलले. लमेक खाली बसला नाही.

"मग राजानं हे ऐकलं," तो म्हणाला, "आणि त्यानं आपले कपडे फाडले. अंगावर गोणपाट घेतलं. जेवला नाही. गोणपाटावरच झोपला, आणि पाय न वाजवता चालू लागला."

खटकन टाळी वाजली. मग सगळीकडून वाजल्या, एकेकच. मंडळींनी जे माझ्या तोंडून ऐकलं होतं त्यात हे नव्हतं.

लमेक थांबला नाही. "तेव्हा देव आपल्या माणसाला म्हणाला, बघितलंस, तो माझ्यापुढे कसा नमला ते? तो नमला, म्हणून मी त्याच्या हयातीत हे अरिष्ट आणणार नाही."

पुन्हा टाळ्या. आता सगळे माझ्याकडे बघत होते. देवाच्या तोंडी शब्द आले होते, आणि ते शब्द आहेत की नाहीत हे सांगणं माझं काम होतं. मला दिसलं की अकराजणांत एकीनं टाळी वाजवली नव्हती. एनेलेसचे हात मांडीवर तसेच होते.

ते शब्द पुस्तकात होते. पुस्तक माझ्या पिशवीत होतं, पायाशी. त्या गोष्टीचा शेवट तोच आहे, मला लहानपणापासून पाठ आहे. वर्गात मी पुस्तक मिटलं ते त्याच्या आधी, आणि जाणूनबुजून मिटलं होतं. लमेकला गोणपाटाची, म्हणजे पश्चात्तापाची, सोय मला ठेवायची नव्हती.

"मामा?" कुणीतरी विचारलं. "हे गोष्टीत आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

लमेकनं एकदा एनेलेसकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. मग त्यानं टोपी उचलली.

"मला वाचता येत नाही, मामा," तो म्हणाला. "जे ऐकलं ते सांगितलं."

"कुणाकडून ऐकलंत?"

त्यानं नाव घेतलं नाही. टोपी घातली आणि अर्ध्या भिंतीच्या फटीतून बाहेर पडला. शेंगावाल्या बाया बाजूला सरल्या. एकजण हसली, ते मी ऐकलं, आणि मला ते पाणी प्यायल्यासारखं गार वाटलं.

त्या दुपारी मी पोटभर जेवले. मक्याच्या सांज्यासारखा घट्ट गोळा आणि भोपळ्याच्या पानांची भाजी, रोजचंच जेवण, पण दोनदा वाढून घेतलं. मनात मी लमेकशी बोलत नव्हते, शमुवेलशी बोलत होते. बघितलंस का शामू, म्हणत होते, चार लोकांत कसं वाटतं ते. मग साखरेची पुडी आणि चहापत्ती घेऊन एनेलेसकडे निघाले. जिच्यासाठी केलं तिला भेटायला नको?

एनेलेस स्वयंपाकघराच्या दाराशी चटई टाकून शेंगा सोलत होती. मुली विहिरीवर गेल्या होत्या. मी बसले. तिनं चहापत्ती घेतली, दोन्ही हातांनी, गुडघे टेकून, तिकडच्या पद्धतीनं. "येवो," म्हणाली. म्हणजे आभार. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"आज बरं झालं," मी म्हणाले. "गावासमोर झालं ते आणखी बरं."

ती शेंगा सोलत राहिली. मी समोर पाहिलं. तिच्या बिनछपराच्या घराच्या भिंतींवर नवे वासे आडवे टाकलेले होते, ताजे तासलेले, साल काढलेले. गेल्या आठवड्यात ते नव्हते.

"हे कुणी टाकले?"

"थोरल्यांनी," ती म्हणाली. म्हणजे लमेकनं. "मंगळवारी आले होते. एकटेच. शनिवारी पत्रे घालणार होते. मशीनही आणून देणार होते."

"लमेक?"

"तुम्ही गोष्ट दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी आले. इथं उन्हात उभे राहिले. म्हणाले, तुझ्याकडे पुस्तक आहे, त्या राजाचं पुढं काय झालं ते मला वाचून दाखव. मी म्हटलं, मी का वाचू? ते उभेच राहिले. मुली रडायला लागल्या म्हणून मी वाचलं." तिनं टरफलं सुपात सारली. "वाचून झालं तर म्हणाले, पुन्हा वाच. चार वेळा वाचलं मी. मग रोज येऊन पाठ करायचे. माझ्यापुढं उभे राहून, कुत्र्यांपासून."

मी भिंतींकडे बोट केलं. "आणि वासे?"

"म्हणाले, मला मंडळ मिळालं की पहिली बैठक तुझ्या घरात घेईन. छप्पर घालून घेईन. सगळ्यांना कळू दे कुणी काढलं आणि कुणी घातलं." तिनं आणखी एक शेंग फोडली. "मघाशी येऊन गेले. म्हणाले, आता मी तुझ्या घरावर चढलो तर लोक म्हणतील, परीक्षेत खोटं बोलला म्हणून नाक घासतोय. आता नाही चढत."

महिन्याभरात तिकडे पाऊस सुरू होतो. त्या गवती छपरातून आत्ताच आभाळ दिसत होतं.

"तू वर्गात बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. राग करायला कुणीतरी लागतंच माणसाला. "तुला माहीत होतं ना पुस्तकात काय आहे ते. पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"होतं."

"मग?"

"मला वाटलं, मामा माझ्यासाठी करताहेत." आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "पहिल्या दिवशी मला बरंही वाटलं. म्हटलं, कुत्र्यांपाशीच थांबू दे. मीही थांबले असते. पण आज तुम्ही नाही म्हणालात तेव्हा तुमचं तोंड मी बघितलं. ते माझ्यासाठी नव्हतं. माझ्यासाठी असतं तर तुम्ही आधी मला विचारलं असतंत."

मी तिला शमुवेलची गोष्ट सांगायला लागले. तिला ती माहीत होती, तरी सांगितली, नेहमीसारखी. कुलूप, ओसरीवर नेलेली मशीन, अंगणातली ट्रंक. मी म्हटलं, तुला कळत नाही का, असल्या माणसांना सोडायचं नसतं. ते गोणपाट पांघरतात आणि आपण भुलतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तो नंतर आला होता का?" तिनं विचारलं.

"कोण?"

"तुमचा दीर."

कुणीही मला हे कधी विचारलं नव्हतं. चाळीस मंडळ्यांत, इतक्या पाळकांसमोर, कुणीही नाही. मी तिला सांगणार नव्हते. तोंडातून कसं गेलं ते माहीत नाही.

"दोनदा," मी म्हणाले.

दोन वर्षांनी तो श्रीरामपूरला आला होता. राहुरीपासून सायकलवर, भर वैशाखात, मशीन मागच्या कॅरियरला सुतळीनं बांधून. वसतिगृहाच्या फाटकाशी उभा राहून म्हणाला, "वैनी, मशीन आनलीया. माझं चुकलं. दार उघडा." मी खिडकीच्या फटीतून बघत होते. मी स्वयंपाकीणबाईंना सांगितलं, सांगा, बाई गावाला गेल्यात. तिसऱ्या प्रहरापर्यंत तो फाटकाशी दगडावर बसून होता. मग मशीन पुन्हा बांधून गेला. पुढच्या नाताळाआधी जावेला घेऊन आला. तेव्हाही मी दार उघडलं नाही. जाऊ फाटकापाशी रडत होती. मी आत मुलींना कॅरल शिकवत होते, आवाज चढवून.

एनेलेसनं मांडीवरची टरफलं झटकली. हात पुसले. मग माझ्याकडे बघत, अगदी हळू, तिनं टाळी वाजवली. एक. आणि मग आणखी एक.

रागानं वाजवली असती तर मी उठून गेले असते. तिनं वर्गातल्यासारखी वाजवली, नियमाप्रमाणे.

मी घरी गेले. पुढचे चार दिवस मी कुणाला तोंड दाखवलं नाही, ताप आला म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मी भांडत होते. देवाशी भांडले, एनेलेसशी मनातल्या मनात भांडले. तिला काय जातं, म्हटलं, तिचे पत्रे परत येतील. माझ्या दोन वर्षांचं काय? वसतिगृहात परक्यांच्या पोरींच्या वेण्या घालत काढलेल्या. मग समोरच्या भिंतींवरचे ते उघडे वासे आठवायचे, आणि महिन्यावर आलेला पाऊस.

रविवारी उपासनेनंतर मी सगळ्यांना थांबवलं. वर्गातल्या अकराजणांना पुढे बसवलं. लमेक सगळ्यात मागे होता, दाराशी. मी म्हटलं, तुम्हीही पुढे या. तो आला.

मी उभी राहिले आणि राजाची गोष्ट सांगितली. कुत्र्यांपर्यंत आले, थांबले, आणि पुस्तक उघडून पुढचं वाचून दाखवलं. मग म्हणाले, "लमेकनं खरं सांगितलं. हे गोष्टीत आहे. मी गाळलं होतं. परीक्षेच्या दिवशी विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

कुणी हललं नाही. तिकडची माणसं पाहुण्याला फार मान देतात, त्यांना हे जड जात होतं.

"नियम आहे," मी म्हणाले. "वाजवा."

एकेकजण वाजवू लागला. दोन टाळ्या, दोन टाळ्या. काहींनी खाली बघून वाजवल्या. एनेलेसनं वाजवल्या नाहीत, तिच्या वाजवून झाल्या होत्या. सगळ्यात शेवटी लमेक उठला. तो एरवी हळू बोलणारा माणूस. त्यानं दोन्ही हात छातीसमोर नेले आणि इतक्या जोरात वाजवल्या की छपरातली पाखरं उडाली. त्याच्या तोंडावर समाधान होतं, आणि ते मी ओळखलं. परीक्षेच्या दुपारी तेच माझ्या तोंडावर होतं. तेवढा त्याचा हक्क होता.

पत्रे पुढच्या शनिवारी चढले. मशीनही आली. लमेकच्या घरमंडळाची पहिली बैठक तिथंच झाली, आणि मला बोलावलं होतं. लमेकनं वादळाची गोष्ट सांगितली.

याला आता सतरा वर्षं झाली. ही हकिगत मी साक्ष म्हणून बऱ्याच ठिकाणी सांगते. लोक पदर डोळ्यांना लावतात, आणि पाळक शेवटी म्हणतात, मग प्रमिलाबाईंनी दिराला क्षमा केली. मी होकारार्थी मान हलवते, आणि प्रार्थना सुरू होते.

शमुवेल अजून आहे. थकलाय, काठी घेऊन चालतो म्हणे. मशीन त्याच्या ओसरीवरच आहे, जावेनं तिच्यावर कापड घालून ठेवलंय, कुणाला हात लावू देत नाही. मी वर्षातून दोनदा राहुरीला जाते. त्याच्या गल्लीनं जात नाही. बाजाराच्या बाजूनं वळसा घालून जाते.